रिटर्नवर ई-मेल कोणाचा आहे, ते आधी पाहा

प्रश्न: माझे पती विक्रोळीच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. कारखान्यातल्याच एकाच्या ओळखीने आलेल्या एजंटने त्यांचं इन्कमटॅक्सचं रिटर्न भरलं. ४९,९२० रुपये रिफंड आला, त्यातले दहा हजार त्याने घेतले. आता मोबाईलवर मेसेज आलाय की रिटर्नमधल्या वजावटी तपासून घ्या. एजंट म्हणतो, ‘वहिनी, काही होत नाही, सगळ्यांना येतो.’ मला रात्री झोप लागत नाही. कंपनीने दिलेला फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, सोबत पाठवला आहे. — एक वाचक, विक्रोळी

उत्तर: ताई, फॉर्म १६ पाठवलात ते फार बरं केलंत. जुन्या कर प्रणालीत करपात्र उत्पन्न ८,१०,००० आहे, म्हणजे पती २० टक्क्यांच्या टप्प्यात येतात. त्या करावर ४ टक्के सेस, म्हणजे उपकर, धरला की दर होतो २०.८ टक्के. आता ४९,९२० ला या दराने भागा, बरोबर २,४०,००० येतात. कंपनीने कापलेला कर बरोबर होता. एजंटने अडीच लाखांच्या आसपास वजावट वरून घातली, आणि तीही गोल आकड्यात. ती कशाची दाखवली हे रिटर्नची प्रत काढली की दिसेल. राजकीय पक्षाला देणगी किंवा स्वतःच्या घरात राहत असताना घरभाडं, माझ्याकडे येणाऱ्या कागदांत बहुतेक वेळा हीच दोन नावं असतात.

मेसेजमधली लिंक उघडू नका. इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतः टाईप करा. पासवर्ड एजंटकडे असेल तर त्याच्या विनवण्या करायची गरज नाही. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवून पासवर्ड बदलता येतो. आत गेल्यावर रिटर्नच्या आधी प्रोफाइल उघडा.

हे मी का सांगतेय? गेल्या वर्षी दादरच्या माझ्या ऑफिसात एक गृहस्थ आले होते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल, आणि तोंडी एकच, ‘मॅडम, मला कधी नोटीस आलीच नाही.’ त्यांचं प्रोफाइल उघडलं तर ई-मेलच्या जागी कुठल्याशा अनोळखी नावाचा पत्ता. नोटिसा तिकडे जात होत्या, उत्तर द्यायची मुदत कधीच उलटली होती. साठीचा तो माणूस स्क्रीनकडे बघत राहिला. तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. या एजंटांची हीच पद्धत आहे: तात्पुरता ई-मेल काढायचा, त्यावरून गठ्ठ्याने रिटर्न भरायची आणि तो पत्ता सोडून द्यायचा. जुलै २०२५ मध्ये खोट्या वजावटींवर देशभर कारवाई झाली, तेव्हा आयकर विभागानेही हेच सांगितलं होतं. म्हणून मोबाईल, ई-मेल आणि बँक खातं, तिन्ही तुमच्या पतींचं करून घ्या. आजच.

मग चूक दुरुस्त करा. त्या वर्षाचं सुधारित रिटर्न भरायची मुदत बाकी असेल तर तेच भरा. ती गेली असेल तर अपडेटेड रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. त्यात ४९,९२० परत भरायचे, त्यावर व्याज, आणि लवकर भरलंत तर या दोन्हींच्या बेरजेवर २५ टक्के जादा कर. म्हणजे साधारण साडेबारा हजार आणि व्याजाचा थोडा भाग. पुढच्या वर्षांत हे २५ चे ५०, ६०, ७० टक्के होतात. आपण गप्प बसलो आणि विभागाने चुकीची माहिती दिल्याचं धरलं, तर दंड कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो. तुमच्या बाबतीत ९९,८४० रुपये, कर आणि व्याज वेगळं. नोटीस यायच्या आत स्वतःहून भरणं म्हणूनच महत्त्वाचं. तुम्ही एकट्या नाही आहात: त्या कारवाईआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी मिळून १,०४५ कोटींचे दावे मागे घेतले होते.

एजंटचे दहा हजार मात्र परत मागाच. मिळतील असं वचन मी देत नाही. पण रिटर्न पतींच्या नावावर आहे, दंडही त्यांच्याच नावावर येईल, हे त्याला तोंडावर सांगायला हवं. आणि कारखान्यातल्या त्या ओळखीच्या माणसालाही सांगा. त्याचंही रिटर्न तसंच भरलेलं असणार.

प्रश्न: लालबागला माझं मसाल्याचं दुकान आहे. ‘जीएसटी अधिकारी’ म्हणून व्हॉट्सॲपवर समन्स आलं. मग व्हिडिओ कॉल करून म्हणाले, कॉल कट करायचा नाही, नाहीतर अटक. यूपीआयने पंधरा हजार मागितले. मी घाबरून फोन बंद केला. चुकलं का? — एक वाचक, लालबाग

उत्तर: अजिबात नाही, दादा. फोनवर अटक करून ठेवायची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. जीएसटी हा कर सरकारी पोर्टलवरच्या चलनानेच भरला जातो, कुणाच्या यूपीआयवर नाही. केंद्रीय जीएसटीच्या समन्सवर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसी या केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. राज्य जीएसटीचं नाव असेल तर आधी आपल्या जीएसटी लॉगिनमध्ये नोटिसा बघा. तरीही शंका राहिली तर समन्सची प्रत घेऊन सरळ माझगावच्या जीएसटी भवनात जा, लालबागपासून किती लांब आहे ते? तिथे खिडकीवर विचारा.

त्यांनी पुन्हा फोन केला तर उचलू नका. पैसे गेले नसले तरी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, कारण तोच नंबर शेजारच्या दुकानदाराकडे जाणार आहे. आणि तोवर व्हॉट्सॲपवरचं ते समन्स पुसू नका. तक्रार करताना नंबर आणि वेळ त्यावरूनच सांगावी लागेल.