दुर्मीळ कर्करोगाने गेलेल्या वडिलांच्या स्मरणार्थ सायकल चालवून निधी उभारल्याने संशोधनाला खरोखर मदत होते का?

तुमचे वडील सार्कोमाच्या, म्हणजे हाडे, स्नायू, चरबी अशा ऊतींत होणाऱ्या कर्करोगाच्या, एका दुर्मीळ प्रकाराने गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ लांब पल्ल्याची सायकलस्वारी करून संशोधनासाठी निधी उभारावा असे तुम्हाला वाटते. परंतु एवढ्याशा रकमेने काय फरक पडणार, सायकल चालवण्यापेक्षा थेट देणगीच का देऊ नये आणि करायचेच ठरवले तर सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. माझी आई लायोमायोसार्कोमा या सार्कोमाच्याच एका प्रकाराने गेली आणि तेव्हापासून मी तिच्या नावाने अशा निधी-फेऱ्यांमध्ये भाग घेत आले आहे, म्हणून हे उत्तर लिहिते.

लहान रकमेचे मोल दुर्मीळ कर्करोगाच्या संशोधनात जितके असते, तितके क्वचितच दुसरीकडे असते, असे माझे ठाम मत आहे. युरोपात १ लाख लोकांमागे वर्षाला ६ पेक्षा कमी नवे रुग्ण आढळणाऱ्या कर्करोगाला दुर्मीळ म्हणतात. सुटा पाहिला तर असा प्रत्येक आजार नगण्य वाटतो, पण सगळ्यांची बेरीज केली तर तिथल्या एकूण नव्या कर्करुग्णांपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक रुग्ण यांतच मोडतात. एकट्या सार्कोमाचेच ७० हून अधिक उपप्रकार आहेत. प्रत्येकाचे रुग्ण थोडे आणि विखुरलेले, त्यामुळे औषध कंपन्यांना त्यात बाजारपेठ दिसत नाही आणि चाचणीसाठी पुरेसे रुग्ण जमवायचे तर अनेक देशांतल्या रुग्णालयांना एकत्र यावे लागते. मोठे अनुदान मागायला गेलेल्या संशोधकाकडे प्राथमिक निष्कर्षांची मागणी होते आणि ते निष्कर्ष काढण्यासाठी लागणारा पैसा मात्र त्याच्याकडे नसतो. तुमच्यामाझ्यासारख्यांनी जमवलेला पैसा उपयोगी पडतो तो नेमका याच टप्प्यावर.

निधी देणाऱ्यांना एका प्रयोगशाळेत बोलावले होते तेव्हा हे मी प्रत्यक्ष पाहिले. तिथल्या संशोधिकेने एक खण ओढून मेणाचे छोटे चौकोनी ठोकळे दाखवले. प्रत्येकात नखाएवढा गाठीचा तुकडा होता, वर रुग्णाचे नाव नव्हते, फक्त क्रमांक होता. एका उपप्रकाराचे तेवढे नमुने गोळा व्हायला कित्येक वर्षे लागली होती, आणि ते मागवणे, पुन्हा तपासून निदानाची खात्री करणे, प्रत्येकाची नोंद ठेवणे हे ज्या व्यक्तीने केले तिचा पगार कोणत्याही मोठ्या अनुदानात बसत नव्हता. तो आमच्या पैशातून दिला गेला होता.

अशा बारीक कामातून काय निघू शकते, याचे उदाहरण म्हणजे जठराच्या व आतड्याच्या भिंतीत होणारा ‘जिस्ट’ नावाचा सार्कोमा. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णांना केमोथेरपीचा जवळजवळ काहीच उपयोग होत नसे. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी या गाठींमध्ये ‘किट’ जनुकातला बिघाड दाखवून दिला. रक्ताच्या एका कर्करोगासाठी तयार झालेले इमॅटिनिब हे औषध त्याच बिघाडावर चालते असे दिसले आणि २००२ मध्ये अमेरिकेत ते जिस्टसाठी मंजूरही झाले. हे सायकलस्वारांच्या पैशातून घडले असा माझा दावा नाही. मात्र गाठींचे नमुने कोणीतरी जपून ठेवलेले नसते, तर तो बिघाड शोधायचा कशात, हा प्रश्न उरलाच असता.

थेट देणगीबद्दल बोलायचे तर ती जरूर द्या, पण ती तुमच्या ऐपतीपाशी थांबते. बिली स्टार यांची आई १९७४ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाने गेली. १९८० मध्ये त्यांनी ३६ सायकलस्वारांना घेऊन अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फेरी काढली, तेव्हा १०,२०० डॉलर जमले. ‘पॅन-मास चॅलेंज’ नावाने आजही चालणाऱ्या त्या फेरीने डाना-फार्बर कर्करोग संस्थेला आजवर दिलेली रक्कम १ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. रस्त्यावर उतरणे शक्य नसेल तरी अडत नाही: स्वतः सार्कोमाच्या रुग्ण असलेल्या जेनिफर गुडमन लिन यांनी पतीसह २००७ मध्ये सुरू केलेला ‘सायकल फॉर सर्व्हायव्हल’ हा उपक्रम जागच्या जागी चालवण्याच्या सायकलींवरच होतो आणि त्याचा पैसा दुर्मीळ कर्करोगांच्या संशोधनाला जातो.

लोक देतात ते तुम्ही पॅडल मारता म्हणून नव्हे. ठरलेली तारीख, डोळ्यांना दिसणारे कष्ट आणि एका ओळखीच्या माणसाचे नाव एकत्र आले की मनात असूनही राहून गेलेली मदत हातून घडते. माझ्या पाठीवर आईचे नाव असते. चढावर मागून येणारा अनोळखी सायकलस्वार ते वाचून “कोण?” असे विचारतो, मी “आई” म्हणते, तो “धाकटा भाऊ” म्हणतो आणि मग चढ संपेपर्यंत आम्ही कोणत्या औषधाने किती काळ साथ दिली, याविषयी बोलत राहतो. दुर्मीळ आजाराने माणूस गमावलेल्यांना त्या आजाराचे नावही माहीत असलेला दुसरा माणूस सहसा भेटत नाही, म्हणून मला या भेटी निधीइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

सुरुवात सायकलपासून करू नका, पैसा कुठे जाणार हे ठरवण्यापासून करा. वडिलांच्या आजारावर खरोखर काम करणारी संस्था शोधा, त्या कामासाठी स्वतंत्र राखीव निधी आहे का, त्यातून व्यवस्थापन खर्च किती कापला जातो आणि खर्चाचा अहवाल कधी मिळेल, हे लेखी विचारा. देणग्या स्वतःच्या खात्यावर मुळीच घेऊ नका. त्या थेट संस्थेकडे जाऊ द्या, म्हणजे पावतीही तिच्याच नावाने मिळेल. तुमचा प्रवास, मुक्काम आणि सायकलची दुरुस्ती यांचा खर्च स्वतः करा आणि ते आवाहनात स्पष्ट लिहा. वडिलांचे छायाचित्र आणि आजाराचे नाव जाहीर करण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला विचारा; एखाद्याला ते नको असेल, तर त्याचा मान राखून केवळ नावावर भागवा. आवाहन सगळ्यांना एकच पाठवण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळे पत्र लिहा आणि त्या व्यक्तीची वडिलांशी असलेली एखादी आठवण त्यात असू द्या.

सरावाचे अंतर आठवड्यागणिक थोडे थोडेच वाढवा, आणि बरीच वर्षे व्यायाम झाला नसेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. फेरीनंतर देणगीदारांना पैशाचे काय झाले ते कळवत राहा, प्रयोगातून अपेक्षित ते न निघाल्यासही कळवा.

वडिलांचा बायोप्सीचा अहवाल घरात असेल, तर तो काढून ठेवा. सार्कोमाचा नेमका उपप्रकार त्यात नोंदवलेला असतो आणि संस्थेला पहिले पत्र लिहिताना तोच सर्वांत आधी लिहावा लागेल.