संरक्षणमंत्री, रक्षामंत्री की युद्धमंत्री?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेने आपल्या खात्याला परत 'युद्ध' हे नाव लावलं, मग आपणही 'संरक्षणमंत्री' कशाला म्हणायचं, सरळ 'युद्धमंत्री' म्हणावं, आणि टीव्हीवर 'रक्षामंत्री' म्हणतात ते बरोबर का?

शेवटचं आधी घेतो. मराठीत संरक्षणमंत्रीच. रक्षामंत्री हिंदीतून आलेत आणि आपली पंचाईत अशी की मराठी माणसाला रक्षा म्हटलं की आधी राख आठवते, बाणगंगेवर विसर्जन करतात ती. गंमत म्हणजे हिंदीत 'संरक्षण' म्हणजे जतन किंवा आश्रय, त्यामुळे आपला शब्द त्यांनाही तितकाच विचित्र वाटत असणार.

आता युद्धमंत्री. अमेरिकेत 1789 पासून युद्धखातंच होतं, नौदलाचं खातं वेगळं. 1947 ला सगळं एकत्र करून जे नवं नाव दिलं, 'नॅशनल मिलिटरी एस्टॅब्लिशमेंट', त्याची आद्याक्षरं एन-एम-ई, पटकन म्हटली तर 'एनिमी' म्हणजे शत्रू! 1949 ला ते बदलून संरक्षण केलं. 2025 च्या सप्टेंबरात ट्रम्पनी हुकूम काढून 'युद्धखातं' हे नाव वापरायला परवानगी दिली, पण ते जोडनाव, कायद्यातलं नाव बदलायला तिथली संसदच लागते. ब्रिटनचं युद्धखातं 1964 पर्यंत होतं. मधे 1945 ला संयुक्त राष्ट्रांची सनद आली, तिने स्वसंरक्षण सोडून बहुतेक बळाचा वापर बेकायदा ठरवला, मग काय, सगळेच संरक्षण करायला लागले. इराकवर 2003 ला गेलं ते संरक्षण खातंच.

जुनी मराठी याबाबतीत बिलकुल लाजाळू नव्हती हो. पाऊस सरला, दसऱ्याला सीमोल्लंघन केलं की निघाले मुलूखगिरीला. शब्दातच सगळं आहे, सीमा ओलांडायची आणि दुसऱ्याच्या मुलखात शिरायचं. आता सीमोल्लंघन म्हणजे आपट्याची पानं आणि फ्रिजवर डिस्काउंट.

मला विचाराल तर खरी गोची 'संरक्षण' फार मोठा शब्द असल्याची आहे. पोलीस संरक्षण, ग्राहक संरक्षण, गिरगावातल्या पागडीच्या भाडेकरूला कायद्याचं संरक्षण, सगळीकडे तोच. परवा बोरिवली फास्टमध्ये एक काका तावातावाने सांगत होते की सरकारचं काम एकच, देशाचं संरक्षण, बाकी रेशन-बिशन लोकांचं लोकांनी बघावं. समोरचा पोरगा म्हणाला, काका, उपाशी माणसाला धान्य देणं पण संरक्षणच ना? पुस्तकात यालाच पोलीस राज्य (काकांचं, नुसती राखण करणारं) आणि कल्याणकारी राज्य (पोराचं) म्हणतात, पण दादर येईपर्यंत दोघं एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होते आणि भांडण काही मिटेना. तेच काका 'युद्ध' म्हणाले असते तर पोराने लगेच विचारलं असतं, कोणाशी आणि कशासाठी? संरक्षणाला असा प्रश्न कोणी विचारत नाही, पैसे मागितले की मान डोलावतात.

आपल्या घटनेत मात्र दोन्ही शब्द आहेत. केंद्राच्या सूचीत पहिलीच नोंद भारताच्या संरक्षणाची, आणि युद्ध व शांतता खाली 15 वी. खातं मात्र पहिल्याच्या नावाने.

तेव्हा यशवंतराव चव्हाण 1962 ला दिल्लीला गेले ते संरक्षणमंत्री म्हणूनच लिहा. पण चर्चिल 1919 ला ज्या खात्यावर होते त्याला उगाच संरक्षण म्हणू नका, ते युद्धमंत्रीच होते.