लेक सोळाची, आणि म्हणते ‘शाळा पुरे, आता कॉलेज’

पत्र असं आलंय:

‘ताई, आम्ही सिएटलजवळ बॉथेलला राहतो. लेक दहावीत आहे, सप्टेंबरमध्ये अकरावीत जाईल. इथे वॉशिंग्टन राज्यात रनिंग स्टार्ट नावाची योजना आहे. अकरावी-बारावीची मुलं शाळेऐवजी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, जाऊन शिकू शकतात, तेही ट्यूशन फी न भरता. लेकीला तिथे पूर्ण वेळ जायचंय. नवरा खूश आहे. त्याने एक्सेल शीटच बनवली: दोन वर्षांचा खर्च वाचतो, विसाव्या वर्षी पदवी हातात. मला मात्र झोप नाही. मोठ्या माणसांत ही एकटी बसणार, शाळेतली मजा बुडणार, एपीचे (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय सुटणार. पुढे डॉक्टर व्हायचंय म्हणते. मंडळात एकीला सांगितलं तर ती म्हणाली, “कम्युनिटी कॉलेज? का गं, मार्क कमी पडले का?” लेकीला कारण विचारलं तर म्हणते, तिथे कोणी कोणाला काही विचारत नाही, बरं असतं. मी सांगलीला शिकलेली, मला इथलं काही कळत नाही. परवानगी द्यावी का? — झोप उडालेली आई’

झोप उडालेल्या आई,

त्या मंडळातल्या बाईंचा विषय आधी संपवून टाकू. रनिंग स्टार्ट हे मार्क कमी पडलेल्यांचं ठिकाण नाही. वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने १९९० मध्ये हा कायदा केला. मिनेसोटाने तसाच कायदा १९८५ मध्येच केला होता. तिथे जाणाऱ्या मुलांचं इंग्रजी कॉलेजच्या पातळीचं असावं लागतं, कारण १०० च्या खालच्या क्रमांकाचे, म्हणजे तयारीचे कोर्स या योजनेत मोफत मिळत नाहीत. पुढच्या गणपतीत त्या भेटल्या तर एवढं सांगा आणि मोदकांकडे वळा.

‘मला इथलं काही कळत नाही’ हे मात्र मला पटलेलं नाही. दहावी झाल्यावर सांगलीत तुम्ही काय केलंत? सोळाव्या वर्षी कॉलेजातच गेलात की. लेक्चर बुडवायला शिकलात, कॅन्टीनमध्ये शेवटच्या वर्षाची दांडगी मुलं चहा पीत बसलेली असायची, त्यांच्या शेजारून मान खाली घालून जायला शिकलात. महाराष्ट्रात लाखो मुलं दरवर्षी हेच करतात. त्यामुळे वयाची भीती एवढी नको.

भीती बाळगायचीच तर दुसऱ्या गोष्टीची बाळगा. आपल्याकडे अकरावी म्हणजे दहावीच्या दमणुकीनंतरची विश्रांती. अकरावीला केमिस्ट्रीत कितीही गटांगळ्या खाल्ल्या तरी बारावीच्या निकालात त्याचा मागमूस राहत नाही. इथे नेमकं उलटं. लेकीने सप्टेंबरमध्ये घेतलेल्या पहिल्याच कोर्सचा ग्रेड शाळेच्या आणि कॉलेजच्या, दोन्ही ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) चढतो, आणि कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट कधी पुसलं जात नाही. तिला डॉक्टर व्हायचंय, म्हणून तिला हे जरा जास्तच लागू होतं. अमेरिकेतल्या बहुतेक एमडी कॉलेजांचे (इथे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अर्ज ‘ॲमकास’ नावाच्या एकाच सेवेतून जातात. तिथे शाळेत असताना केलेल्या कॉलेज कोर्सचीही ट्रान्सक्रिप्ट मागतात, आणि ते ग्रेड सरासरीत धरतात. सोळाव्या वर्षी कंटाळून मिळवलेला ‘सी’ बाविसाव्या वर्षी समोर येऊन उभा राहतो. तिला हे ठाऊक आहे का, ते आजच विचारा. तुमच्या नवऱ्यालाही विचारा, कारण एक्सेलमध्ये याचा रकाना असेल असं वाटत नाही.

मी काही वर्षं एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवलंय. रनिंग स्टार्टची मुलं वर्गात असायचीच. हुशारीत ती कमी पडल्याचं मी क्वचितच पाहिलं. बुडायची ती वेगाने. कॉलेजची एक टर्म, म्हणजे क्वार्टर, जेमतेम अकरा आठवड्यांची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली परीक्षा येते. शाळेत एखादा आठवडा तापात गेला तर शिक्षक सांभाळून घेतात, इथे त्या आठवड्यात एक अख्खं प्रकरण होऊन गेलेलं असतं. शेजारच्या बाकावर गोदामातली रात्रपाळी संपवून आलेला माणूस असतो, पुढे दोन मुलांची आई, कोपऱ्यात सैन्यातून परतलेला कोणी. त्यांना आपला कोर्स पास व्हायचं असतं, ते भलते सभ्य असतात आणि घाईत असतात. या लोकांत बसून सोळा वर्षांच्या मुलीचं काही वाईट होत नाही, झालं तर भलंच होतं. पण गृहपाठ आला नाही म्हणून तिला कोणी हाक मारत नाही. आणि तुम्हाला तर कोणीच हाक मारत नाही.

कारण आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, म्हणजे बहुधा तुम्हाला कोणी सांगितलेली नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदींबाबतचा १९७४ चा केंद्रीय कायदा आहे, त्याप्रमाणे मूल कॉलेजात शिकू लागलं की तिथल्या नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो, मग वय सोळा का असेना. शाळेच्या पोर्टलवर रोज संध्याकाळी मार्क बघायची सवय असेल, तर कॉलेजच्या बाबतीत ती मोडेल. प्रोफेसरला फोन केलात तर ते नम्रपणे ‘मला याबद्दल बोलता येणार नाही’ म्हणतील. शाळेकडच्या नोंदी तुम्हाला दिसत राहतील, पण तिथे कॉलेजचा ग्रेड पोचेपर्यंत क्वार्टर संपलेली असेल. लेकीने लेखी संमती दिली तर गोष्ट वेगळी. ती मागायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा; मी असते तर मागितली नसती, दर रविवारी तिच्याकडूनच ऐकलं असतं.

आता एक्सेलकडे. पूर्ण वेळ म्हणजे क्वार्टरला १५ क्रेडिट, बहुधा पाच-पाचचे तीन कोर्स. कॉलेजची पाच क्रेडिट म्हणजे शाळेचं एक. दोन वर्षांत ९० क्रेडिट होतात, तेवढ्यात नीट आखलेली असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) बसते, आणि राज्यातली सरकारी विद्यापीठं ती मानतात. इथपर्यंत शीट बरोबर. वॉशिंग्टन विद्यापीठात राज्यातल्या मुलांची वर्षाची फी १३,००० डॉलरच्या आसपास आहे, तेव्हा बचतही खरी. पण क्रेडिट मिळणं वेगळं आणि दोन वर्षं वाचणं वेगळं. बायोलॉजी-केमिस्ट्रीचे कोर्स एकात एक अडकलेले असतात, आधीचा झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही. जनरल म्हणून गोळा केलेल्या ९० क्रेडिटांनी ही साखळी दोन वर्षांनी लांडी होत नाही, कधी एका वर्षाने होते, कधी तेवढीही नाही. लेक पुढे खाजगी विद्यापीठात गेली तर कहाणीच निराळी: शाळेच्या पदविकेसाठी वापरलेली कॉलेज क्रेडिट बरीच खाजगी विद्यापीठं धरत नाहीत. शिवाय काही मेडिकल कॉलेजांना विज्ञानाचे मूळ कोर्स चार वर्षांच्या विद्यापीठात केलेले जास्त आवडतात. फी माफ असली तरी पुस्तकं, कॉलेजची किरकोळ शुल्कं आणि येणं-जाणं घरचंच असतं (उत्पन्न कमी असेल तर शुल्कात सवलत मिळते). ‘विसाव्या वर्षी पदवी’ हा आकडा शीटमधून पुसायला सांगा. बाकी राहू द्या, त्यात त्यांचा जीव आहे.

एपी सुटेल ही तुमची धास्ती थोडी कमी करते. वॉशिंग्टन विद्यापीठ एपी आणि रनिंग स्टार्ट या दोन्हींकडे कठीण अभ्यास म्हणूनच बघतं, आणि रनिंग स्टार्टची मुलं कितीही क्रेडिट घेऊन आली तरी पहिल्या वर्षाचे अर्जदार म्हणूनच अर्ज करतात. ते विद्यापीठ शिफारसपत्रंही मागत नाही. मोठी खाजगी विद्यापीठं मात्र मागतात, आणि तिथे अडचण होते. अकरा आठवडे शिकवलेला प्रोफेसर तिच्याबद्दल लिहिणार तरी काय?

शाळेतल्या मजेचं, प्रॉमचं (शाळेच्या शेवटच्या नाचाच्या कार्यक्रमाचं) म्हणाल तर लेक शाळेचीच विद्यार्थिनी राहते. नाच, नाटक, पदविकेचा समारंभ, सगळं तिला खुलं असतं. फक्त घोषणा तिच्या कानावर पडत नाहीत, त्या शोधाव्या लागतात.

या सगळ्यापेक्षा मी पत्रातल्या एका ओळीपाशी जास्त वेळ थांबले. ‘तिथे कोणी कोणाला काही विचारत नाही, बरं असतं.’ खर्च, एपी, मंडळ या सगळ्यानंतर तुम्ही ती सहज टाकून दिलीत. मला ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटली. शाळेत तिला कोण काय विचारतं? जेवणाच्या सुट्टीत ती कोणाबरोबर बसते? कदाचित उत्तर साधं असेल: दहावीच्या पोरांच्या पोरकटपणाला कंटाळलीय, तिला मोठ्यांसारखं वागवलेलं हवंय. हे चांगलं कारण आहे, अशी मुलं कॉलेजात खुलतात. कदाचित तिथे कोणी तिला त्रास देत असेल. तसं असेल तर त्यावर कॉलेज हा इलाज नाही. राज्यातल्या प्रत्येक शाळा-जिल्ह्याला छळ आणि दादागिरीविरुद्ध लेखी धोरण ठेवावंच लागतं, तक्रार घेऊन काउन्सेलरकडे जा आणि लेखी द्या. आणि कदाचित ती नुसतीच एकटी असेल. एकट्या मुलीसाठी कॉलेज फार सोयीचं असतं, तोच धोका आहे. दोन तासांचा वर्ग करून गाडीत बसायचं, घरी यायचं, दार लावायचं. तीन महिने कोणाशी एक वाक्य न बोलता चांगले ग्रेड मिळवलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या घरी सगळं छान चाललंय असंच वाटत होतं.

हे तिला विचारताना कॉलेजचा विषय मध्ये आणू नका. परवानगी अडकलेली आहे असं दिसलं की मुलं वकिलासारखी उत्तरं देतात.

माझं मत विचाराल तर: अकरावीत अर्धं, बारावीत पूर्ण. सकाळी शाळेत दोन-तीन विषय, त्यात विज्ञान असू द्या, म्हणजे वर्षभर तिला ओळखणारा एक तरी शिक्षक राहील. कॉलेजात क्वार्टरला दोन कोर्स. पहिल्या क्वार्टरला इंग्लिश १०१ आणि दुसरा तिला मनापासून आवडेल तो, मग तो मानववंशशास्त्राचा असला तरी चालेल. केमिस्ट्री पहिल्या क्वार्टरला अजिबात नको. कोर्सच्या नावापुढे ‘अँड’चं चिन्ह (&) असेल तर तो राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत सारखा मानला जातो, निवडताना तेवढं बघायला सांगा. हा अर्धा-अर्धा मार्ग कटकटीचा आहे हे कबूल. शाळेची घंटा आणि कॉलेजचं वेळापत्रक जुळत नाही, सुट्ट्या वेगळ्या येतात, मध्ये धावपळ होते. वर्षाच्या मध्यावर बदलायचं म्हटलं तर आणखी गोंधळ: कॉलेजची क्वार्टर डिसेंबरात संपते आणि शाळेचं सत्र जानेवारीअखेर, म्हणून ठरवायचं ते वर्षाचं ठरवा. पण तुमचं नशीब, कॅस्केडिया कॉलेज बॉथेलमध्येच आहे, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बॉथेल शाखेच्या आवारात. आणि २०२२ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना इथल्या बस मोफत आहेत, त्यामुळे लायसन्ससाठी थांबायला नको, दुपारची तुमची मीटिंगही मोडायला नको.

तिने पूर्ण वेळेचाच हट्ट धरला तर? तर तिला कामाला लावा. काउन्सेलरची वेळ तिने घ्यायची, ईमेल तिने लिहायचा, इंग्रजी-गणिताची पातळी ठरवण्याचं कॉलेजचं काम तिने उरकायचं, पुस्तकांचा खर्च तिने काढायचा. शाळेच्या पदविकेची शाळेच्या हिशेबातली २४ क्रेडिट कशी भरणार, राज्याचा इतिहास कधी होणार, कोर्स सोडावा लागला तर ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (कोर्स सोडल्याची खूण) न लागता सोडायची शेवटची तारीख कोणती, हे सगळं तिने तुम्हा दोघांना बसवून सांगायचं. तुम्ही आठवण करायची नाही, बाबांनी तिच्या नावाने ईमेल लिहायचा नाही (एक्सेलवाले बाबा हे हमखास करतात). मे महिना संपायच्या आत तिने हे सगळं केलं, तर ती पूर्ण वेळ सांभाळेल, माझी हरकत नाही. अर्ध्यावर राहिलं तर उत्तर तिला स्वतःलाच मिळालेलं असेल, वाद घालायची गरज पडणार नाही.

ती १८ ची होईपर्यंत नावनोंदणीच्या फॉर्मवर तुमची सही लागते, शाळेच्या काउन्सेलरचीही. हा फॉर्म दर क्वार्टरला नवा भरतात, म्हणजे आत्ताची सही दोन वर्षांची नाही, फक्त डिसेंबरपर्यंतची. त्यात शाळेचे किती वर्ग आणि कॉलेजची किती क्रेडिट मोफत बसतात याचा हिशेब असतो. मर्यादेच्या वर गेलेल्या क्रेडिटची फी घरी येते. तेवढा रकाना नवऱ्याला तपासू द्या.