झारचा पंतप्रधान स्टोलिपिन याच्या जमीन सुधारणांनी रशियातली १९१७ ची क्रांती टळली असती का?

माझ्या मते नाही, कारण शेतकऱ्यांना हवी होती जमीनदारांची जमीन आणि ती सक्तीने काढून घ्यायला स्टोलिपिन अजिबात तयार नव्हता. १९०६ च्या हुकुमाने एवढंच झालं की गावाच्या सामायिक जमिनीतला आपला वाटा स्वतःच्या नावावर करून घेता यायला लागला, विखुरलेले तुकडे एकत्र करता यायला लागले, पण १९१४ ला युद्ध लागलं तोवर बहुतेक कुटुंबं जुन्या सामायिक पद्धतीतच होती. जे बाहेर पडले त्यांच्यावर गावाचा राग, १९१७ मध्ये अशा कित्येकांच्या जमिनी गावाने जबरदस्तीने परत सामायिक केल्या! फक्त स्टोलिपिनने स्वतः २० वर्षं शांतता मागितली होती, मिळाली जेमतेम ८, म्हणून योजना मुळातच फसवी होती असं मी म्हणणार नाही.