ट्रॅक बंद केला आणि सा सापडेना

मावशी,
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. दोन वर्षं गाण्याच्या क्लासला जाते. शाळेचं गॅदरिंग, सोसायटीचा गणपती, कोजागिरी, सगळीकडे गाते. लोक कौतुक करतात, व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात. परवा माझे सासरे पेटी घेऊन बसले आणि म्हणाले, "तेच गाणं म्हण बघू, काळी चारमध्ये." म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरून. तिला सूरच सापडेना. ट्रॅक, म्हणजे गाण्याचं रेकॉर्ड केलेलं संगीत, लावल्याशिवाय सुरुवातही करता येईना. ती रडत आत गेली. क्लासच्या ताई म्हणतात, अलंकार, म्हणजे सुरांचे ठरावीक पलटे, घोटून घेतले की मुलं कंटाळून सोडून जातात. जवळच एक गुरुजी आहेत, ते म्हणे सहा महिने सा रे ग मशिवाय काही शिकवत नाहीत. नवरा म्हणतो, स्टेजची भीती गेली हेच पुष्कळ झालं. क्लास बदलू का?
– एक आई, ठाणे

अगं,
आधी लेकीला जवळ घे आणि सांग, की तुझं काही चुकलं नाही. खरंच नाही. तिला जे शिकवलं ते ती चोख करते. ट्रॅक वाजला की त्यातला सूर उचलायचा, ठरलेल्या जागी ठरलेले शब्द टाकायचे. रोज व्हॅनने शाळेत जाणाऱ्या मुलाला एक दिवस चालत जा म्हटलं तर ते नाक्यावरच थांबेल ना, तसं झालंय तिचं.

आपल्याकडे सा कुठेही धरता येतो. काळी चारला धरा, नाहीतर पांढरी पाचला. तो हलला की बाकीचे सूर त्याच्यामागून हलतात. ट्रॅकवर शिकलेल्या मुलाला हे कळायची वेळच येत नाही, कारण ट्रॅकचा सा कधी हलतच नाही.

माझंही हे झालंय. अकरा वर्षांची असेन. गावच्या उत्सवात गायला उभी राहिले आणि पेटीवाल्यांनी माझ्या सवयीपेक्षा दोन पट्ट्या वरचा सा दिला. मुखडा कसाबसा निभावला, अंतऱ्याला आवाज चिरकला तो चिरकलाच. खाली येऊन आईच्या पदरात तोंड खुपसलं. आमच्या बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच गाणं एक पट्टी खाली उतरवून म्हणायला लावलं. मग एक पट्टी वर. मग शब्द काढून नुसती सरगम. मग हातावर ताल धरून. महिनाभर एकच गाणं, आणि आपण पलटे घोटतोय असं मला एकदाही वाटलं नाही.

म्हणून तुझ्या ताईंचं अर्धंच पटतं. कोरडे अलंकार तासभर घोटले तर मुलं पळतात, हे खरं. पण म्हणून ते वगळायचे कशाला? तिच्या आवडीचं गाणं भूप रागाच्या सुरांतलं असेल तर सा रे ग प ध एवढ्या पाचांतच सगळा कारभार आहे. त्या गाण्यातलीच एखादी अडणारी जागा उचलायची, तिचा पलटा करायचा, आधी बरोबरीत, मग दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात. ताल केहरवा असेल तर आठ मात्रा हातावर मोजत गायचं आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते तिलाच सांगायला लावायचं. एकदा ती सापडली की पोरं सोडत नाहीत, खेळच होतो त्यांचा.

ताईंची बाजूही जरा बघ. फी देणाऱ्याला दर दोन महिन्यांनी काहीतरी दिसायला लागतं. राग मानू नकोस, त्या फी देणाऱ्यांत तूही आहेस. व्हिडिओ कोण काढतं घरी?

क्लास लगेच बदलू नकोस. ताईंना एकदा शांतपणे विचार, तासातली पहिली पंधरा मिनिटं ट्रॅक बंद ठेवून तंबोऱ्यावर गाऊन घ्याल का. हो म्हणाल्या तर दिवाळीपर्यंत वाट बघ. "त्याची काय गरज" असं उत्तर आलं तर मात्र दुसरी जागा शोध. गुरुजींबद्दल ऐकीव गोष्टींवर जाऊ नकोस, मुलीला घेऊन एक तास जाऊन बस. नऊ वर्षांच्या मुलीला सहा महिने एकही गाणं नाही, हे खरंच तसं असेल तर मला ते पटणारं नाही. कुणीतरी तुला गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसवायला सांगेलच. जरूर बसव, पण प्रारंभिक ही पहिली परीक्षाही घोकून पास होता येते, तेव्हा कागद हातात आला म्हणजे पाया झाला असं धरू नकोस.

तुझ्या नवऱ्याला म्हणावं, स्टेज कुणी काढून घेत नाहीये. कुमार गंधर्व लहानपणी तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गाणी हुबेहूब म्हणायचे, त्यांचे जलसे व्हायचे. तरीही १९३६ च्या सुमारास त्यांना मुंबईला गायनगुरू बी. आर. देवधरांकडे शिकायला ठेवलंच. तुझ्या लेकीला कुमार व्हायचं नाहीये, ठाऊक आहे मला. पण नक्कल एवढी पक्की असलेल्या मुलालाही पुढे शिकायला बसवावंसं वाटलं, एवढंच त्याला सांग. वर्षाला सहा कार्यक्रमांऐवजी दोन पुरेत. त्यातला एक तरी ट्रॅकशिवाय, पेटी-तबल्यावर होऊ दे. साथीदार गडबडले तर गडबडू देत.

घरी रोज दहा मिनिटं खूप झाली. फोनवर तंबोऱ्याचं ॲप लाव, आज काळी चार, उद्या काळी तीन, आणि त्यात तिला नुसता सा लावू दे, मग गाण्याची पहिली ओळ. तू बाजूला बसून भाजी निवड. चुकली तरी बोलू नकोस.

आणि रविवारी सकाळी सासऱ्यांना पेटी काढायला सांग. त्या दिवसापासून त्यांनी ती उघडली नसणार. या वेळी आधी त्यांनी गावं आणि तिने पेटीवर त्यांचा सा शोधून द्यावा. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावून ठेव.

– मावशी