सर, तुमच्याच शाळेचा पट पाहा

(राजापूर तालुक्यातील एका प्राथमिक शिक्षकांनी विचारलं आहे: मुलीला बारावी विज्ञानला 71 टक्के आहेत. डी.एल.एड.ला (प्राथमिक शिक्षकाची पदविका) घालायचं ठरवलंय, पण ती गप्प असते. तिला कसं समजवावं?)

सर, दोन पानांच्या पत्रात मुलीचं वाक्य एकच आहे, "तुम्ही म्हणाल ते." याला तुम्ही होकार समजलात. मला तो होकार वाटत नाही. घरात शिक्षकांची तिसरी पिढी व्हायला हवी ही तुमची इच्छा आहे, तिच्यावर ती लादू नका. गुणांपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते.

प्रवेश, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल हा शिक्षक भरतीचा सगळा मार्ग तुम्हाला ठाऊक आहे.

पण "लोकसंख्या वाढतेय तोवर शिक्षकाला मरण नाही" हे तुमचं म्हणणं चुकीचं आहे. माणसं वाढतात म्हणजे मुलं वाढतात असं नाही. आयुर्मान वाढलंय, आधीच्या मोठ्या पिढ्या अजून आहेत, म्हणून एकूण आकडा चढतो. पहिलीत येणारी मुलं मात्र घटतात. पिढी तेवढीच राहायला बाईमागे साधारण 2.1 मुलं लागतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा 1.7 आहे. त्यात कोकणातली तरुण कुटुंबं मुंबई-पुण्याला जातात. 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्याच 82 हजारांच्या आसपास घटली. तुम्ही रुजू झालात तेव्हा शाळेचा पट 62 होता, आता 11, पहिलीत दोन, हे तुम्हीच लिहिलंय. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते, पटावरच ठरते ना? मुलगी निवृत्त होईल 2065च्या पुढे. शिक्षक तेव्हाही लागतील, पण कमी, आणि बहुधा तुमच्या गावात नाही.

तुमची तक्रार आहे की आजीच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर ती अभ्यास सोडून तिच्याकडून व्यायाम करून घेत बसली. वॉकर सोडून आजी पडवीपर्यंत चालू लागली, हेही तुम्ही ओघात लिहून गेलात. त्याबद्दल तिला शाबासकी दिलीत का? अशी म्हातारी माणसं आता घरोघरी आहेत आणि त्यांना उभं करणारे तालुक्याला मिळत नाहीत. फिजिओथेरपीची पदवी चार-पाच वर्षांची आहे, इंटर्नशिप धरून. त्यासाठी 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, खासगी कॉलेजची फी जड जाते. नीटसाठी एक वर्ष गेलं तर जाऊ द्या.

मात्र हेही तिच्यावर लादू नका. आधी तिला विचारा. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी तुम्ही ते तपासू नका.