गुलमर्गला चाललायस? मग नुसतं स्कीइंग नको

भावा, तिसऱ्या दिवशी पिंढऱ्या बोलायला लागतात, तेव्हा स्की बाजूला ठेव आणि स्नोशू, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली लावायची चौकट, बांध. तळवा रुंद असल्यानं वजन पसरतं, पाय रुतत नाही. पन्हाळा-पावनखिंड चाललेल्या गड्याला सहज जमतंय. पण गाईडशिवाय जंगलात शिरू नकोस.

गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो. आपलं कोल्हापूर साडेपाचशेवर! धाप लागणारच, म्हणून पहिल्या दिवशी नको. ताजा बर्फ पडला असेल तर आखलेली हद्द सोडायची नाही. तिथं हिमस्खलनात माणसं गेलीत.

लाकडी स्लेजवर बसायच्या आधी भाव ठरव. मी लाजलो आणि दुप्पट मोजले. मोजे लोकरीचेच घे, सुती भिजले की पाय गारठतात.